४८०० डीपीआयचं गाजर

स्कॅनरच्या खोक्यावर '४८०० डीपीआय' असा जो ठसठशीत आकडा छापलेला असतो, तो कायद्याच्या भाषेत खोटा नसतो. आतल्या पट्टीवर इंचाला खरोखरच तितके प्रकाश टिपणारे ठिपके बसवलेले असू शकतात. तरीही तो आकडा म्हणजे गिऱ्हाइकाला दाखवलेलं गाजर आहे असं माझं स्पष्ट मत आहे. ज्याचं पोट स्कॅनरमधल्या भिंगांवरच चालतं त्याने हे लिहावं हे जरा विचित्र दिसेल, पण दिसू दे. गाजर विकत घेऊन कोणी फसलं असतं तर मी एवढा वैतागलो नसतो. पण या आकड्याच्या भरवशावर आपल्याकडे पोथ्या, दप्तरं, वर्तमानपत्रं आणि आजोबा-पणजोबांच्या वह्या स्कॅन होतायत, आणि स्कॅन झालं की मूळ कागद रद्दीत जातोय. दुसऱ्या गोष्टीला इलाज नाही, म्हणून पहिलीवर बोलायला हवं.

मी न्यूयॉर्क राज्यात रोचेस्टरला असतो. (न्यूयॉर्क म्हटलं की देशातल्या लोकांच्या डोळ्यांसमोर टाइम्स स्क्वेअर येतो. आमचं गाव तिथून गाडीने साडेपाच तासांवर, ऑंटॅरिओ सरोवराच्या काठी. सहा महिने बर्फ उपसायचं आणि उरलेले सहा महिने बर्फ येणार म्हणून बोलायचं.) कोडॅक इथलं, झेरॉक्स इथलंच, आणि इथल्या विद्यापीठात १९२९ सालापासून प्रकाशशास्त्राची स्वतंत्र संस्था आहे. मी तिथे डॉक्टरेट केली. सुट्टीवर घरी आलो की लग्नकार्यात कोणीतरी विचारतंच, "पीएचडी कशात रे?" "स्कॅनरमधल्या भिंगांच्या रांगेत" म्हटलं की समोरच्याच्या चेहऱ्यावर दोन क्षण जो भाव येतो, तो 'एवढं शिकून शेवटी झेरॉक्सचं दुकान?' असा असतो. असो. त्यांचा दोष नाही. आपल्याला चंद्रावर जाणारं यंत्र इंजिनियरिंग वाटतं, आणि ज्या यंत्रातून आपला सातबारा बाहेर येतो ते नुसतं यंत्र वाटतं.

आता जरा यंत्राच्या आत डोकावू. कंटाळा करू नका, कारण पुढचं सगळं भांडण याच्यावर उभं आहे.

टेबलावरचे स्कॅनर मुख्यतः दोन जातींचे. जुन्या जाड्या स्कॅनरमध्ये आरसे असतात, एक नेहमीचं कॅमेऱ्यासारखं भिंग असतं, आणि कागदाच्या रुंदीची ओळ त्या भिंगातून लहान होऊन इंच-दोन इंचांच्या चिपवर पडते. प्रकाशाला फूटभर वाट चालावी लागते, म्हणून डबा जाड. दुसरी जात म्हणजे हल्ली घरोघरी दिसणारा वहीएवढा पातळ, यूएसबीच्या वायरवरच चालणारा स्कॅनर. त्यात आरसे नाहीत. कागदाच्या पूर्ण रुंदीची चिपांची पट्टी काचेखाली जवळजवळ चिकटूनच फिरते, लाल-हिरवे-निळे दिवे आळीपाळीने लागतात, आणि कागद व चिप यांच्यामध्ये काचेच्या बारीक काड्यांची एक रांग असते. काडीची जाडी अर्धा ते एक मिलिमीटर. ए-४ च्या रुंदीला दोन ओळींत मिळून पाच-सातशे काड्या सहज लागतात. हीच ती भिंगमाला. फॅक्समध्ये, ऑफिसातल्या कॉपियरमध्ये, बँकेतल्या चेक वाचणाऱ्या यंत्रात, सगळीकडे हीच किंवा हिची बहीण.

या काड्यांना नेहमीच्या भिंगासारखा फुगवटा नसतो. दोन्ही टोकं सपाट. मग त्या भिंगाचं काम कशा करतात? काचेची काडी वितळलेल्या क्षारात बुडवून ठेवतात. काचेतले काही अणू बाहेर येतात, क्षारातले आत शिरतात, आणि हा बदल बाहेरून आत हळूहळू होत जातो. त्यामुळे काडीच्या मध्यावर प्रकाश जास्त अडखळतो, कडेला कमी, आणि आत शिरलेला किरण सरळ न जाता सापासारखा नागमोडी जातो. लांबी अचूक कापली तर कागदावरचं चित्र काडीच्या पोटात एकदा उलटं होतं आणि बाहेर पडताना पुन्हा सुलटं, तेवढ्याच आकाराचं. हे सुलटं असणं फार महत्त्वाचं. साधं भिंग चित्र उलटं करतं. पाचशे साधी भिंगं शेजारी मांडली तर पाचशे उलटे तुकडे मिळतील, एकाचा दुसऱ्याशी मेळ नाही. सुलटे आणि तेवढ्याच मापाचे तुकडे मात्र एकमेकांवर अलगद बसतात.

बाल्टिमोरच्या रॉबर्ट वुड या भौतिकशास्त्रज्ञाने जिलेटिनच्या सपाट टोकांच्या दांडीतून भिंगाचं काम होतं हे लिहून ठेवलं ते १९०५ साली. काचेत ते खरं करून दाखवलं जपानमध्ये, १९६८ च्या सुमारास, निप्पॉन शीट ग्लास आणि एनईसी यांनी मिळून. 'सेल्फॉक' हे नाव त्यांचंच. या काड्यांच्या रांगेतून प्रकाश किती आणि कसा येतो, त्याचं गणित १९८० च्या आसपास झेरॉक्सच्या रीस आणि लामा या दोघांनी मांडलं. आमच्या क्षेत्रात नवीन आलेल्या पोराला आजही ते पेपर वाचावे लागतात. म्हणजे कल्पना अमेरिकेतली, गणितही अमेरिकेतलं, आणि भट्टी जपानची. १९८२ मध्ये रोचेस्टर भागात कोडॅकचे साठ हजारांच्या वर नोकर होते आणि जानेवारी २०१२ मध्ये त्याच कोडॅकने दिवाळखोरीचा अर्ज दिला. त्याची कारणं पुष्कळ आहेत, पण 'सुटा भाग काय, कोणीही बनवील' ही बड्या घरची मिजास त्यात मोठी होती असं मला इथल्या म्हाताऱ्या इंजिनियरांशी बोलून वाटतं.

तर मुद्दा अचूकपणाचा. कागदावरच्या एका ठिपक्याचा प्रकाश एकाच काडीतून येत नाही, आजूबाजूच्या कित्येक काड्यांतून येतो, आणि त्या सगळ्यांनी आणलेली चित्रं चिपवर एकाच जागी पडायला हवीत. भजनातले टाळ आठवा. वीस टाळ एका ठोक्यावर पडले तर एक आवाज येतो. प्रत्येक जण केसभर मागेपुढे झाला तर कोण चुकलं ते कळत नाही, पण ठोका जाऊन नुसती खुळखुळ राहते. भिंगमालेत अगदी हेच होतं. रेघ तुटत नाही, वाकडी होत नाही. फक्त जाड आणि फिकट होते.

गंमत अशी की काडी थोडी बाजूला सरकलेली असेल तर काही बिघडत नाही. चित्र सुलटं आणि एकास एक असल्यामुळे ते जागचं हलत नाही. घात होतो तो काडी कलली की. कागदापासून चिपेपर्यंतचं अंतर साधारण दहा मिलिमीटर धरा. काडी एक सहस्रांश रेडियन कलली, म्हणजे मीटरभर लांब काठीचं टोक एक मिलिमीटर हलावं इतकाच कल, तर तिने आणलेलं चित्र दहा मायक्रॉन सरकतं. (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग.) आता हिशेब करा. ६०० डीपीआयला एका ठिपक्याची जागा ४२ मायक्रॉन, तिथे दहा मायक्रॉनची चूक म्हणजे पाव ठिपका. चालेल. १२०० ला जागा २१ मायक्रॉन, म्हणजे अर्धा ठिपका गेला. ४८०० ला जागा सव्वापाच मायक्रॉन, तिथे एकेक काडी दोन-दोन ठिपके इकडेतिकडे फेकतेय. म्हणजे चिप इंचाला ४८०० वेळा मोजतेय खरी, पण जे मोजायचं ते तिच्यापर्यंत येण्याआधीच खुळखुळ झालेलं आहे. दूध पातळ असेल तर मापटं कितीही बारीक घ्या.

शिवाय काचेला तीनही रंग एकाच जागी जमवता येत नाहीत. हिरव्यासाठी अंतर नीट लावलं की लाल आणि निळा थोडे मागेपुढे राहतात. ही आणखी वेगळी खुळखुळ.

हे सुधारता येत नाही का? येतं. आमचा जन्म त्यातच चाललाय. काड्या ठेवायच्या खाचा अधिक सरळ करता येतात, एकाच भट्टीतल्या, एकाच लांबीच्या काड्या वेचून एका मालेत घालता येतात, दोन्ही टोकं एकदमच घासून गुळगुळीत करता येतात, आणि तयार माला टोकापासून टोकापर्यंत बारीक रेघांच्या पट्टीवर तपासून नापास करता येते. यातली शेवटची गोष्ट सगळ्यात महाग आणि सगळ्यात उपयोगी, आणि खर्च कमी करायचा म्हटला की कात्री पहिल्यांदा तिथेच लागते. अमुक काडी कलली आहे हे गिऱ्हाइकाला कधीच दिसणार नाही. खोक्यावरचा आकडा दिसणार.

या आकड्याचा इतिहासही बघण्यासारखा आहे. १९८० मध्ये ठरलेल्या फॅक्सच्या प्रमाणात एका ओळीत १७२८ ठिपके असत, रुंदी २१५ मिलिमीटर. म्हणजे एका ठिपक्याला सुमारे १२५ मायक्रॉन. पुढे ही काड्यांची रांग छोट्या फॅक्स यंत्रांत गेली, आणि त्या कामाला ती हवी त्याहून चांगली होती. १२५ चे ४२ झाले तेव्हाही तिने निभावलं. पण १२५ चे सव्वापाच, म्हणजे चोवीस पटींनी बारीक? चिपवाल्यांनी ते केलं, कारण चिपवर ठिपके लहान करणं हे त्यांना सोपं जातं. काचेला असली प्रगती जमत नाही. काच सुधारली, पण चोवीस पट नाही. जे सोपं होतं ते वाढवलं आणि त्याचाच आकडा खोक्यावर छापला, एवढीच ही गोष्ट.

बरं, ४८०० लागतो तरी कोणाला? सपाट छापील कागदाला खरे ३०० किंवा ४०० डीपीआय मिळाले तर मराठी पुस्तक उत्तम वाचता येतं. ए-४ चं एक रंगीत पान ३०० ला २६ एमबी होतं, ४८०० ला साडेसहा जीबीच्या वर जातं. अडीचशे पट फाइल, आणि त्यात भर फक्त धुक्याची.

खरी मेख तर पुढेच आहे, आणि ती डीपीआयच्या आकड्यात कुठेच सापडत नाही. ती म्हणजे खोली. काचेपासून कागद जरा उचलला गेला की काड्यांच्या रांगेला तो दिसेनासा होतो. काडीचा प्रकाश घ्यायचा कोन १२ अंश धरला तर कागद अर्धा मिलिमीटर वर गेल्यावर एक ठिपका ढोबळमानाने ०.२ मिलिमीटर पसरतो. दीड-दोन मिलिमीटर उचलला गेला की संपलंच. जुन्या जाड्या, आरशाच्या स्कॅनरला एवढ्याने फारसा फरक पडत नाही. आता बांधलेलं जाड पुस्तक काचेवर पालथं ठेवा. शिवणीजवळचा कागद किती उचलला जातो? कितीही दाबा, दोन-चार मिलिमीटर सहज. म्हणजे प्रत्येक पानावरच्या प्रत्येक ओळीतला शिवणीकडचा शब्द, ४८०० डीपीआयमध्ये, काळजीपूर्वक, पुसट केला जातो.

आणि मराठीत हे इंग्रजीपेक्षा जास्त नडतं. १९६२ मध्ये साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम आले आणि उच्चारात नसलेले अनुस्वार गेले. त्याआधीचं कोणतंही पुस्तक उघडा, पानावर टिंबांचा सडा असतो. कांहीं, नांव, घरांत, त्यांनीं. त्या टिंबांना अर्थ आहे. कुठे ते लिंग-वचन सांगतात, कुठे विभक्ती, आणि शब्द कसा घडत आला हे ज्यांना शोधायचंय त्यांना तर ते हवेतच. पुस्तकाच्या नेहमीच्या टायपात हे टिंब जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचं असतं. पसरून फिकं झालं की डोळ्याला एक वेळ अंदाज येईल. पण आपल्याकडच्या कित्येक प्रकल्पांत फाइल लहान करायची म्हणून पान नुसत्या काळ्या-पांढऱ्यात उतरवतात, मधली करडी छटा नाहीच. तिथे फिकं टिंब म्हणजे पांढरं. गेलं. ब मधली तिरकी रेघ गेली की तो व होतो, ष चा प होतो. मोडीचं तर बोलायलाच नको, तिथे टाकाच्या एका वळणावर नाव बदलतं.

'मिलियन बुक' प्रकल्पातली मराठी पुस्तकं ज्यांनी वाचली आहेत त्यांना मी काय म्हणतोय ते कळेल. कार्नेगी मेलनच्या राज रेड्डींनी उभं केलेलं ते काम प्रचंड आहे आणि माझ्यासारख्या परदेशी बसलेल्या वाचकावर त्याचे उपकार आहेत, हे आधी सांगतो. तिथे काचेवरचे स्कॅनर नव्हते, वरून बघणारे चांगले महागडे होते, ६०० डीपीआय होता. तरी त्यात गळालेली पानं, तिरकी पानं आणि काळ्या-पांढऱ्यात विरून गेलेली टिंबं सापडतातच. कारण आकडा पाळला गेला आणि निकाल कोणी तपासला नाही.

माझे एक मामा सातारा जिल्ह्यात असतात. त्यांच्या आजोबांच्या देण्याघेण्याच्या वह्या आहेत, काही मोडीत, काही बाळबोधात. निवृत्त झाल्यावर त्यांनी उत्साहाने पातळ स्कॅनर आणला आणि मला फोन केला, "अरे, ४८०० चा घेतला! एक पान निघायला चहा पिऊन होतो, पण म्हटलं एकदाच करायचंय तर नीट करू." त्यांनी पाठवलेली पानं बघितली. कडेचे आकडे स्वच्छ, शिवणीकडची नावं धुक्यात. कोणी पैसे घेतले ते कळतंय, किती ते कळतंय, कोणाकडून ते नाही. मी म्हटलं, "मामा, वह्या कुठायत?" तर म्हणाले, "आहेत की माळ्यावर. सगळं झालं की देऊन टाकणारे, वाळवी लागतेय." मी त्यांना वह्या टाकू नका म्हणून जवळजवळ दटावलंच (भाच्याने मामाला दटावू नये हे मलाही कळतं), आणि तीनशेला लावून, फोनच्या कॅमेऱ्याने, वरून, पानावर साधी काच ठेवून फोटो काढायला सांगितले. नावं आली. सहा हजारांच्या यंत्रातून जे निघत नव्हतं ते खिशातल्या फोनमधून निघालं, कारण कॅमेऱ्याला खोली असते.

मामा एकटे आहेत, त्यांचं ठीक आहे. पण देशातल्या संस्थांची स्कॅनिंगची टेंडरं अधूनमधून ओळखीचे लोक मला वाचायला पाठवतात. त्यात संगणक किती जीबीचा असावा, ठेकेदाराची उलाढाल किती असावी, ऑपरेटरचं शिक्षण काय असावं, सगळं असतं. चित्राच्या दर्जाबद्दल काय असतं? 'किमान ३०० डीपीआय'. बस्स. हे म्हणजे लग्नाच्या जेवणाचं कंत्राट देताना 'किमान तीनशे ताटं' एवढंच लिहिण्यासारखं आहे. ताटात काय, ते आचाऱ्याची मर्जी.

आणि ज्यांना वाटतं की स्कॅन नीट झालं नाही तर पुन्हा करू, त्यांनी अमेरिकेत काय झालं ते वाचावं. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इथल्या मोठमोठ्या ग्रंथालयांनी, लायब्ररी ऑफ काँग्रेससकट, जुन्या वर्तमानपत्रांचे मायक्रोफिल्म काढून घेतले आणि मूळ अंक विकले किंवा फेकले. जागा वाचते, कागद तसाही मोडतोय, हा युक्तिवाद. कित्येक बांधीव खंड फिल्मसाठी कापले गेले. फिल्म काळी-पांढरी, बरीच अस्पष्ट, मधले अंक गळालेले, आणि रंगीत पुरवण्यांचे रंग तर कायमचे गेले. निकोल्सन बेकर या लेखकाला हे कळलं तेव्हा ब्रिटिश लायब्ररीसुद्धा आपल्याकडचे अमेरिकन वर्तमानपत्रांचे गठ्ठे विकायला निघाली होती. त्याने १९९९ मध्ये स्वतःचे पैसे घालून ते जमतील तेवढे विकत घेतले, न्यू हॅम्पशायरमध्ये एका गिरणीच्या इमारतीत ठेवले, २००१ मध्ये 'डबल फोल्ड' नावाचं जळजळीत पुस्तक लिहिलं, आणि २००४ मध्ये तो साठा ड्यूक विद्यापीठाने घेतला. हा बेकर वाढला आमच्याच रोचेस्टरमध्ये, आणि मायक्रोफिल्मची यंत्रं विकण्यात जी कंपनी आघाडीवर होती, ती रेकॉर्डाक, कोडॅकची. गावाने दोन्ही बाजूंना माणसं पुरवली म्हणायची.

त्याच देशात आज इंटरनेट आर्काइव्हवाले पुस्तक इंग्रजी व्ही आकाराच्या पाळण्यात ठेवून वरून दोन कॅमेऱ्यांनी फोटो काढतात, पान माणूस उलटतो, आणि स्कॅन झालेली पुस्तकं कॅलिफोर्नियात रिचमंडला गोदामात जपून ठेवतात. सरकारी खात्यांनी २००७ पासून एकत्र बसून स्कॅनिंगची मार्गदर्शक तत्त्वं लिहायला घेतली. २०१०, २०१६ आणि २०२३ अशा आवृत्त्या निघाल्या. त्यात नुसता डीपीआय नाही. तपासणीचा तक्ता स्कॅन करून त्यावर बारीक रेघेचा किती भाग टिकला, रंग एकमेकांवर बसले का, कडेला उजेड कमी झाला का, हे मोजून एक ते चार तारे द्यायची पद्धत आहे. मे २०२३ मध्ये इथल्या राष्ट्रीय अभिलेखागाराने कायम जपायच्या कागदांच्या स्कॅनिंगचा नियमही केला. फेकल्यावर शहाणपण आलं, पण आलं.

"आता सॉफ्टवेअर आहे ना, एआय धूसर अक्षरं स्वच्छ करतं" असं म्हणणारा एक वर्ग आहे, आणि तो मला सगळ्यात धोकादायक वाटतो. जे भिंगातून आलंच नाही ते सॉफ्टवेअर परत आणत नाही. ते अंदाजाने भरतं. ऑगस्ट २०१३ मध्ये जर्मनीच्या डेव्हिड क्रीझेलने दाखवून दिलं की झेरॉक्सच्या काही ऑफिस यंत्रांत स्कॅन केलेल्या बांधकामाच्या नकाशावर तीन वेगवेगळ्या खोल्यांचं क्षेत्रफळ एकच, १४.१३ चौरस मीटर, छापून येतंय. मुळात २१.११ आणि १७.४२ होतं. फाइल लहान करणारी युक्ती सारखे दिसणारे ठसे एकच समजून एकाच्या जागी दुसरा चिकटवत होती. अंक धूसर नव्हते, स्वच्छ, ठसठशीत आणि चुकीचे होते. कंपनीला सॉफ्टवेअर दुरुस्त करून द्यावं लागलं. जुन्या फेरफाराच्या पानावरचा हाताने लिहिलेला १ आणि ९ आठवा, आणि मग अंदाजाने भरणाऱ्या सॉफ्टवेअरच्या हाती गावची दप्तरं द्यायची का ते ठरवा. धूसर अक्षर निदान कबूल तरी करतं की मला दिसत नाहीये.

"अमेरिकेत बसून सांगायला काय जातं? इथे पैसे नाहीत, माणसं नाहीत, वाळवी आहे, पाऊस आहे. काहीच न होण्यापेक्षा वाईट स्कॅन बरा." हा आक्षेप मला मान्य आहे, अर्धा. वाईट स्कॅन न होण्यापेक्षा बराच, मूळ कागद जागेवर असेल तर. तो विकून टाकला की वाईट स्कॅन हेच मूळ होतं. आणि पैशांचं म्हणाल तर मी महाग यंत्र घ्या म्हणतच नाहीये. उलट ४८०० चा सोस सोडला तर पैसे वाचतात, डिस्का वाचतात, वेळ वाचतो. सुट्या, सपाट कागदासाठी हा पातळ स्कॅनर झकास आहे. पत्रं, दाखले, पावत्या, फोटो खुशाल करा, ३०० किंवा ६०० ला, करड्या किंवा रंगीत छटेत. बांधलेल्या पुस्तकाला त्याच्याखाली दडपू नका. आपण 'जुगाड' शब्दाचं फार कौतुक करतो, पण वरून टांगलेला फोन, दोन दिवे आणि एक काच हा खरा जुगाड आहे, आणि तो कामाचा आहे.

स्कॅनर घरी असेल तर एक करून बघा. प्लास्टिकची पंधरा सेंटिमीटरची पट्टी घ्या, खुणांची बाजू खाली करून काचेवर ठेवा, आणि तिच्या पंधराच्या टोकाखाली तीन मिलिमीटर जाडीचं काहीतरी सरकवा. म्हणजे दर पाच सेंटिमीटरला पट्टी एक मिलिमीटर वर जाते. ३०० ला स्कॅन करा. शून्याच्या बाजूला मिलिमीटरच्या खुणा स्वच्छ दिसतील. कितव्या सेंटिमीटरला त्या एकमेकांत मिसळतात ते बघा. पाचला मिसळल्या तर तुमच्या स्कॅनरला एक मिलिमीटरच्या पलीकडे दिसत नाही. मग ६००, १२००, ४८०० करून बघा. मिसळायची जागा हलणार नाही.

टेंडर लिहिणाऱ्यांपैकी कोणी हे वाचत असेल तर 'किमान ३०० डीपीआय' या ओळीखाली एवढं घाला. दररोज काम सुरू करताना आणि जेवणाच्या सुट्टीनंतर तपासणीचा तक्ता स्कॅन करायचा, एकदा काचेवर सपाट आणि एकदा पुस्तकाच्या शिवणीत धरून. त्या फाइली कामाच्या फाइलींबरोबरच, त्याच क्रमाने जमा करायच्या. ठरलेल्या जाडीची रेघ शिवणीत दिसली नाही त्या दिवसाचं बिल मिळणार नाही. काळं-पांढरं चालणार नाही, करडी छटा हवी. आणि कोणत्याही खंडाचा मूळ कागद, स्कॅन तपासून त्यावर ग्रंथपालाची सही झाली तरी, इमारतीबाहेर जाणार नाही.